अर्धा सूर्य आणि अंजिराचं पान

१२ मार्च २०२४, मंगळवार

बागेतल्या पेकन-अक्रोडाचे डोळे अजून मिटलेलेच, एक कोंब नाही. गेल्या साली या सुमारास हिरवं टोक दिसत होतं. पाण्याची पाळी शुक्रवारी.

गाव वेडं झालंय. आठ एप्रिलला भर दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार आणि ते ग्रहण आमच्या नासास नदीच्या खोऱ्यातून सगळ्यात जास्त वेळ दिसणार, असं टीव्हीवाले सांगून गेले. तेव्हापासून ज्याच्या घरात जास्तीची खाट आहे तो हॉटेलमालक झालाय. मी कुणाला ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. बायको, इमेल्दा, गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी झोपलेलं नाही, आणि मी घोरतो.

दुपारी एक बाई दारात. नेरेइदा ओल्वेरा, साल्तिल्योच्या विद्यापीठात शिकवते. चाळिशीची असेल. हातात लोखंडी पेटी, अंगावर धूळ. तिला ग्रहण बघायचंच नाहीये.

"मला पान बघायचंय," म्हणाली. "सूर्य जाताना पान काय करतं ते."

"काय करणार? झोपणार."

"तेच ना, सेन्योर अबुंदियो. सगळ्यांना तसंच वाटतं."

हे उत्तर मला आवडलं. खोली दिली. माझ्या पेकनच्या उघड्या फांद्या बघून तिचं तोंड पडलं, मग तिनं भिंतीवरून पलीकडे पाहिलं. "ते अंजीर कुणाचं? त्याला पानं आलीत."

अंजीर माझ्या बहिणीचं, लेओकादियाचं. मी म्हणालो, फाटक पलीकडच्या बाजूला आहे, जाऊन विचारा. ती म्हणाली, तुम्ही चला. मी म्हणालो, आम्ही बोलत नाही.

"का?"

"तिला विचारा."

१४ मार्च, गुरुवार

गेलो. बाईमाणसाला एकटं पाठवणं बरं दिसत नाही म्हणून गेलो, आणखी कशासाठी नाही.

इमेल्दाच्या आजारपणात लेओ रोज यायची. रस्सा करायची, चादरी धुवायची. पुढे दोन वर्षांपूर्वी कांदेलारियाच्या जत्रेत, भर चौकात, मी "लेओ" म्हणून हात वर केला आणि ती माझ्या बाजूनं सरळ निघून गेली. गर्दीचा गोंगाट होता म्हणून सोडून दिलं. मग चर्चच्या पायरीवर तेच. मग भाकरीच्या दुकानात. जिथे आपल्याला ओळखत नाहीत तिथे आपण जात नाही. संपलं.

आज तिच्या दारात चौकटीला टेकून उभा राहिलो. ती आतून आली आणि तोंड समोर ठेवून म्हणाली, "कोण?"

हातभर अंतरावर होतो मी.

"स्पेनचा राजा आलाय," म्हणालो.

ती जागच्या जागी थांबली. "मग टोपी काढून आत ये," म्हणाली. "आणि पाय पुस. राजे लोक चिखल घेऊन येतात."

झाडाला पेटीतलं यंत्र लावायला तिनं लगेच होकार दिला. मला वाटलं होतं अडवेल. अंगण ओळखू येत नाही, कुंड्या, घमेली, कोंबड्यांचं खुराडं, सगळं भिंतीला लावून टाकलंय. मधे नुसती मोकळी जमीन. आणि स्वयंपाकघराच्या दारापासून अंजिरापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक दोरी ताणलेली. विचारलं तर म्हणे कपडे वाळत घालायला. कमरेएवढ्या दोरीवर चादर घातली तर अर्धी मातीत लोळेल. म्हातारपणी बायका हट्टी होतात.

२१ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदा पान मोजलं. त्याबद्दल नीट लिहितो, कारण अजून माझं डोकं जागेवर नाही.

यंत्राला एक चिमटा आहे, त्याला वरून काचेसारखी खिडकी. चिमट्यात पान जितंजागतं धरायचं, तोडायचं नाही. त्यावरून हवा जाते. जाताना हवेत कर्बवायू किती होता आणि बाहेर येताना किती उरला, एवढंच ते मोजतं. म्हणजे पानानं किती खाल्लं ते. पडद्यावर आकडा आला, चौदा. मग साडेचौदा. मी पानाकडे बघतोय, पान हलत नाही, आवाज नाही, आणि ते आमच्यासमोर जेवतंय.

"या झाडाचं लाकूड कशाचं झालंय?" नेरेइदाबाईंनी विचारलं.

"मातीचं. खतापाण्याचं."

"नाही. हवेचं."

"मग मी पेकनला खत काय चाटायला घालतो?"

"खत म्हणजे मीठ. मीठ लागतंच. पण जेवण हवेतून येतं. उन्हाच्या जोरावर पाणी फोडायचं, त्यातला प्राणवायू बाहेर टाकायचा आणि हवेतल्या कर्बाची साखर करायची. साखरेचंच लाकूड, साखरेचंच फळ."

लेओ दोरीला हात लावून उभी होती. म्हणाली, "म्हणजे जे हे टाकून देतं त्यावर आपण जगतो."

"हो, सेन्योरा."

"उष्ट्यावर," लेओ म्हणाली, आणि हसली नाही.

दिवस कलताना मी माझ्या बागेत गेलो. सगळ्यात जुना पेकन माझ्या बापानं लावलेला, त्याला मिठी मारली तर माझे हात एकमेकांना भेटत नाहीत. त्यावर तळवा ठेवला. पन्नास वर्षं मी असल्या खोडांना टेकलोय. एवढं वजन, असलं टणक, आणि सगळं वाऱ्यातून गोळा केलेलं. मी टोपी काढली. कुणी बघत नव्हतं.

२४ मार्च, रविवार

दुपारी तिघं लेओच्या टेबलाशी. कापिरोतादा केली होती तिनं, उपवासाच्या दिवसांतला पाव-गुळाचा गोड पदार्थ. चव तीच जुनी. पण आतोले, मक्याची गरम पेज, ओतताना अर्धं कपाबाहेर टेबलावर. मी कप तिच्या उजव्या हाताशी सरकवला तर तो तिनं कोपरानं पाडला.  एकेकाळी या बाईच्या हातून एक थेंब सांडत नसे. आता पाहुण्यांपुढे सुद्धा लक्ष नाही.

तिनं विचारलं, "आणि हिरवं कशामुळे?"

नेरेइदाबाईंनी सांगितलं ते असं. फार पूर्वी, जमिनीवर गवताची काडी नव्हती तेव्हा, उन्हावर जगायची विद्या समुद्रातल्या एका सूक्ष्म जीवाला तेवढी येत होती. एक दिवस दुसऱ्या कुणी जीवानं त्याला गिळलं. गिळलं, पण पचवलं नाही. तो आतच राहिला, जिवंत, आणि आतून मालकाला साखर देऊ लागला. त्याला अब्जाहून जास्त वर्षं झाली. जगातल्या प्रत्येक हिरव्या पानात त्याचेच वंशज बसलेत. मक्यात, निवडुंगात, या अंजिरात. त्यांची स्वतःची वंशाची नोंद, झाडाच्या नोंदीहून वेगळी, अजून त्यांच्याजवळ आहे.

"गिळलं आणि पचलं नाही," लेओ म्हणाली. "आमच्या अबुंदियोचा राग तसाच आहे. फरक इतकाच, त्यातून साखर निघत नाही."

बाई खोकल्याच्या निमित्तानं उठून बाहेर गेल्या. मी कापिरोतादा संपवली आणि घरी आलो. पण चिडलो नाही, हे नोंदवून ठेवतो. मला सारखा तो आत बसलेला जीव दिसत होता, अंधारात न मेलेला.

२९ मार्च, गुड फ्रायडे

पुन्हा तेच.

संध्याकाळच्या मिरवणुकीत मी मुद्दाम लेओच्या डाव्या बाजूला जाऊन चालू लागलो. माझ्याकडे दोन मेणबत्त्या होत्या. एक पेटवून तिच्या डाव्या हाताशी धरली. तिनं मान वळवली नाही. मी धरून चाललोय, मेण हातावर गळतंय, लोक बघतायत, आणि ती समोर बघत पुढे. शेवटी शेजारच्या बाईनं माझ्या हातून मेणबत्ती घेतली, कीव आल्यासारखी.

अंगणात गोड बोलायचं आणि चारचौघांत तोंड फिरवायचं. मी तिच्या घरी परत जाणार नाही.

१ एप्रिल, सोमवार

गेलो नाही. नेरेइदाबाई एकट्याच पेटी घेऊन जातात. रात्रीच्या जेवणाला मात्र मला सोडत नाहीत, बोलायला लागतं त्यांना.

आज म्हणाल्या, शेतावर पडणाऱ्या उन्हातलं शंभरात जेमतेम एक पिकाच्या अंगी लागतं. कधी तेवढंही नाही. बाकी तापतं, उडून जातं, वाया.

मला खोटं वाटलं. "एवढ्या वर्षांत एवढंच शिकलं?"

"त्याहून गंमत पुढे आहे. पानात कर्ब पकडणारा एक कामगार असतो, डोळ्याला न दिसणारा. फार हळू काम करतो. आणि तीन-चार वेळा हात घातला की एकदा चुकून कर्बाऐवजी प्राणवायूच पकडतो. मग ते निस्तरायला पानाची कमाई खर्च होते."

"असला माणूस मी एका दिवसात काढला असता."

"कुणाला ठेवाल? अब्जावधी वर्षांत दुसरा मिळालेला नाही." भाकरीचा तुकडा बुडवता बुडवता त्या सांगत होत्या. "त्याचा तरी काय दोष? तो घडला तेव्हा हवेत प्राणवायू नव्हताच. चुकायला काही समोर नव्हतं. मग याच लोकांनी टाकून टाकून हवा प्राणवायूनं भरली, आणि आता त्यातच तो चाचपडतो."

मका जरा हुशार निघाला म्हणे. त्यानं कामगाराला आतल्या खोलीत बसवलं आणि त्याच्यापुढे नुसता कर्ब आणून ओतायची सोय केली, म्हणून मका कडक उन्हात इतका झपाट्यानं वाढतो. ही युक्ती वेगवेगळ्या गवतांनी, झाडांनी आपापली साठाच्या वर वेळा शोधली, एकमेकांना न विचारता. आमच्या मागच्या टेकडीवरचा निवडुंग तर दिवसा तोंड बंद ठेवतो आणि गार झाल्यावर श्वास घेतो.

अंजिराला यातलं काही येत नाही. ते जुन्याच पद्धतीनं चाचपडतं. आणि तरी दर साली पाटीभर फळं.

खिडकीतून त्याच्या फांद्या दिसतात. शंभरातल्या एकावर हे सगळं उभं आहे. मी, गाय, चर्चचं लाकडी दार, माझ्या अंगातला सदरा.

७ एप्रिल, रविवार

आभाळात पातळ ढग. बाई जेवल्या नाहीत. तीन वर्षांची तयारी आहे त्यांची, आणि असलं ग्रहण इथे त्यांच्या हयातीत पुन्हा नाही.

गावात पाय ठेवायला जागा नाही. पोटातल्या बाळाला ग्रहण बाधू नये म्हणून गरोदर बायकांची लाल फीत आणि सेफ्टी पिन लावून झाली.

तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून आवाज आला. "अबुंदियो. उद्या वारा सुटला तर फांदी धरायला माणूस लागेल म्हणते ती. अजून रुसला असशील तर नुसता हात पाठव."



८ एप्रिल, सोमवार

हात पाठवून कसं चालेल. गेलो.

सकाळी ढग विरळ झाले, नंतर गेलेच. बाईंनी वरच्या फांदीचं पूर्ण उन्हातलं पान चिमट्यात धरलं. मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, दोन्ही हातांनी फांदी धरून. पान चिमट्यातून निसटलं तर सगळं संपलं, असं त्यांनी तीनदा बजावलं. लेओ खाली दोरीपाशी खुर्चीत. आकडा पंधरा.

चंद्रानं सूर्याचा चावा घेतला तेव्हा रस्त्यावर आरोळी उठली. आकडा पंधरा. चावा वाढत गेला. मी काळा चष्मा लावून वर बघे, मग काढून पडद्याकडे. पाव सूर्य गेला. पंधरा.

"यंत्र बिघडलं का?" मी विचारलं.

"गप्प बसा," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

अर्धा सूर्य गेला. अर्धा! उजेड पिवळट, शिळा वाटायला लागला. आणि आकडा चौदा. पानाला पत्ताच नव्हता.

"दुपारच्या उन्हात त्याला झेपतं त्याच्या दुप्पट येतं," बाई हळू सांगत होत्या, मला की स्वतःला कोण जाणे. "अर्धं ते टाकूनच देत असतं. म्हणून अर्धं गेलं तरी त्याचं जेवण तेवढंच."

झाडाखाली जमिनीवर पानांमधून पडणारे उन्हाचे ठिपके बदलले. गोल ठिपका एकही राहिला नाही, सगळ्या चंद्रकोरी झाल्या. शेकडो, मातीवर, लेओच्या मांडीवर, तिच्या हातांवर. मी म्हणालो, "लेओ, हातांकडे बघ." तिनं हात डोळ्यांसमोर आणले, अगदी नाकापर्यंत, आणि हळूहळू फिरवत राहिली. मला तेव्हा विचित्र वाटलं.

पाऊण सूर्य गेला. अकरा. अजून अकरा! गार वारा आला, फांदी ओढू लागली, मी धरली. कबुतरं मेस्कीतच्या झाडात शिरली. मग सूर्याची नखाएवढी कडा उरली आणि आकडा कोसळला. सहा. तीन. एक. रस्त्यावरचे लोक एकदम गप्प झाले.

अंधार पडला. हळूहळू नव्हे, कुणी झाकण ठेवल्यासारखा.

"शून्याखाली," बाई म्हणाल्या. "आता ते श्वास सोडतंय. आपल्यासारखं."

तेवढ्यात खालून लेओचा आवाज आला. असा आवाज मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला नाही. "अबुंदियो, कुठे आहेस? मला काहीच दिसत नाहीये. काहीच नाही."

"सगळ्यांनाच अंधार आहे, लेओ."

"तसं नाही रे. मला एरवीही नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोर एवढंसं. बाजूचं गेलंय, दोन वर्षांपेक्षा जास्त झालं. आता तेवढंही गेलं."

मी शिडीवर होतो. फांदी माझ्या हातात. सोडली तर पान निसटणार. बाई एका हातानं यंत्र धरून होत्या. त्यांनी दुसरा हात फांदीवर ठेवला.

"जा तुम्ही. मी धरते."

"तुम्हाला वर बघता येणार नाही मग."

"जा म्हणते ना."

उतरलो. लेओ दोरी दोन्ही मुठींत धरून उभी होती. तिचं तोंड मी हातांत धरलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, मी असा हात तिला कधी लावला नव्हता. हनुवटी वर केली, थोडी डावीकडे, आणखी वर.

"काय शोधायचं?" तिनं विचारलं.

"काळं भोक. त्याच्याभोवती पांढरे केस."

"नाही. नाही दिसत." मी अजून किंचित वळवलं. "थांब," ती म्हणाली. "हलू नकोस. इथेच."

ती श्वास घेत नव्हती. मी तिच्याकडे बघत होतो, मग मीही वर पाहिलं. ते मला लिहिता येणार नाही. आकाशात दुपारी तारे होते, क्षितिजावर चारी बाजूंनी पहाटेसारखी तांबडी पट्टी, आणि मधे ते. आपण ज्याच्यावर जगतो ते झाकल्यावरच दिसलं.

"केस नाहीत," लेओ म्हणाली. "पाकळ्या आहेत."

मग कडेला एक ठिणगी पेटली आणि उजेड नदीकडून धावत आला. गावातले सगळे कोंबडे आरवले. मागून बाई आकडे वाचत होत्या, "उणे एक. शून्य. दोन. चार." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्यांनी आकाशाकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं.

पान जेवायला बसलं होतं.

९ एप्रिल, मंगळवार

नेरेइदाबाई गेल्या. निघताना लेओनं त्यांना विचारलं, सूर्य चुकला त्याचं दुःख नाही का? त्या म्हणाल्या, "सूर्य सगळ्यांनी पाहिला. तो आकडा शून्याखाली जाताना मी पाहिला."

बाई गेल्यावर मी लेओला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर लगेच मला कपबशीसारखं उचलून फडताळात ठेवलं असतंस. माझं चाललं होतं. चुलीपाशी, कोंबड्यांपाशी, सगळीकडे. तू आपणहून येईनास, मला वाटलं बायको गेल्यापासून तुला माणसं नकोशी झालीत."

मी म्हणालो, मी तुला हात करायचो.

"कुठल्या बाजूनं?" तिनं विचारलं.

१७ एप्रिल, बुधवार

आज तोरेओनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकेल, कदाचित खूप वर्षं. लेओनं एकच विचारलं, "उरलंय ते किती?" डॉक्टर म्हणाला थोडंच आहे. "थोडं म्हणजे आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली. तिचं डोकं थकलं होतं, डोळे मिटून बसली. म्हणाली, बाहेर काय आहे सांग.

"शेतं."

"ते मलाही माहीत आहे. कसली?"

"लसूणघास. हिरवा."

"कसा हिरवा?"

हा प्रश्न मला सहासष्ट वर्षांत कुणी विचारलेला नाही. मी नीट पाहिलं. म्हणालो, काळपट, ओल्या घोड्यासारखा चमकणारा, वारा आला की त्याच्या पाठीवरून फिकी लाट जाते. मग मका आला, गुडघ्याएवढा, त्याचा हिरवा पिवळ्याकडे झुकलेला आणि शिरेत पांढरा. मग नदीकाठचे उंच सावीनो वृक्ष, त्यांचा धुरकट. टेकडीवर निवडुंग, हिरव्याहून राखेचाच जास्त. मग पेकनच्या बागा, आणि त्या फुटल्या होत्या. अख्खी बाग, परवापर्यंत काटक्या असलेली, आता तिच्याभोवती हिरवी वाफ.

"वाफ नाही," लेओ म्हणाली, डोळे मिटूनच. "पेकनचं पान आधी तांबूस निघतं. नीट बघ."

नीट बघितलं. तांबूस होतं. घरची पेकनची बाग, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या प्रत्येक रंगात तो न पचलेला जीव बसलाय, लाखो लाखो, सगळे या क्षणी कामात, कुणाचाही आवाज नाही. मी सांगत गेलो. ती चुका काढत गेली. मला वाटत होतं, माझे शब्द संपतील आणि शेतं संपणार नाहीत.

ड्रायव्हर ओरडला तेव्हा भानावर आलो. आमचं गाव मागे पडून बराच वेळ झाला होता. पुढच्या फाट्यावर उतरलो. तिनं माझ्या कोपराला हात घातला आणि शेतांमधून आम्ही चालत परत निघालो. ऊन चांगलंच होतं.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "अजून मक्याचं नीट झालं नाही तुझं."